क्रेटभर टाय

माझं काम एचआरचं. चाकण एमआयडीसीतली गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, नाव सांगत नाही कारण पगार अजून तिथूनच येतो. दरवर्षी जूनच्या आसपास आम्ही डिप्लोमा मेकॅनिकलची पोरं ट्रेनी म्हणून घेतो, पाच-सहा पॉलिटेक्निकना मेल जातो आणि सगळ्यांना एकाच दिवशी प्लँटवर बोलावतो. त्या मेलमध्ये एक ओळ असते, 'फॉर्मल ड्रेस कंपल्सरी'. ती मला सुचून लिहिलेली नाही, माझ्या आधी या खुर्चीत जी होती तिच्या मेलमधून उचलली, तिनं कुणाच्या उचलली देव जाणे, पण खाली सही माझी असते तेव्हा लिहिली मीच असं धरा.

तर २०२४ चा जून. रात्रभर पाऊस झालेला, हायवेपासून आमच्या गेटपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता राडा, आणि त्या राड्यातून सकाळी आठला ४३ जण चालत आले, ४० मुलगे, तीन मुली. मी गेटवर यादी घेऊन उभी. बरीचशी पोरं चपला घालून आलेली आणि बूट कॅरीबॅगमध्ये, गेटच्या बाजूला ओळीनं उकिडवी बसून पाय पुसून मोजे चढवत होती. वॉचमननं न सांगता एक ओलं पोतं टाकून दिलं, भला माणूस.

सगळ्या मुलग्यांच्या गळ्यात टाय. मी कुठं टाय म्हटलं होतं! पण माझी ओळ कॉलेजच्या टीपीओपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसरपर्यंत गेली, त्यांनी तिच्या चार ओळी केल्या आणि व्हॉट्सॲपवर टाकल्या: फुल शर्ट इन केलेला, टाय, काळे बूट, क्लीन शेव्ह. एकाच्या हनुवटीला कापसाचा बोळा चिकटलेला, म्हटलं काय झालं रे, तर म्हणे मॅडम सकाळी तळेगाव चौकात दाढी केली, तो कारागीर घाईत होता. महिनोन् महिने राखलेली दाढी असणार ती, गाल उन्हात न गेलेल्या कातडीसारखे पांढरे दिसत होते. टायमध्ये निम्मे झिपवाले, गाठ आधीच मारलेली असते ना तसले, शाळेतल्यासारखे.

आणि एक पोरगा ब्लेझरमध्ये. निळा, चमकणारा, खांद्याला थोडा मोठा. डाव्या बाहीवर मनगटापाशी कंपनीचं लेबल तसंच, आणि मागे खाली जी फट असते तिला दुकानातून येताना दोऱ्याची फुली मारलेली असते तीही तशीच. ती फुली काढून टाकायची असते, हे आपल्याला माहीत असतं कारण कुणीतरी आपल्याला कधीतरी सांगितलेलं असतं. माझ्या डोक्यात आलं की याला बाजूला घेऊन सांगावं, मग यादीत पुढचं नाव आलं आणि राहिलं.

आता खरी गंमत इथून. आधी आम्ही इंटरव्ह्यू वरच्या कॉन्फरन्स रूममध्ये घ्यायचो, एसीत, त्यामुळे कोण काय घालून आलं याचा मशीनशी संबंधच यायचा नाही. त्या वर्षी प्लँट हेड सरांनी ठरवलं की आधी सगळ्यांना शॉपफ्लोअरवर फिरवायचं आणि तिथंच मशीनसमोर उभं करून विचारायचं, हे काय, ते काय. कल्पना उत्तमच, फक्त सेफ्टी डिपार्टमेंटला ती त्या दिवशी सकाळी साडेआठला कळली.

आमचे सेफ्टीचे काका रिटायरमेंटला आलेले, आवाज एकच, मोठा. शॉपफ्लोअरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी त्यांनी हात आडवा धरला. "हे काय लग्नाला निघालेत का? टाय काढा सगळ्यांनी. अंगठ्या, गळ्यातलं, हातातले दोरे, सगळं काढा." पोरांना वाटलं हा पण इंटरव्ह्यूचाच भाग असेल, कुणी हलेना. मग काकांनी लेथची, म्हणजे लोखंड गरगर फिरवत कापायच्या मशीनची गोष्ट सांगितली, जी आम्ही सगळे पाठ झाल्यासारखी ऐकतो: भोसरीतला कारखाना, थंडीतली नाइट शिफ्ट, ऑपरेटरच्या गळ्यात मफलर, तो वाकला आणि मफलरचं टोक चकमध्ये, म्हणजे पार्ट धरून फिरणाऱ्या जबड्यात गेलं. लेथ समजा ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असला तर सेकंदाला तेराच्यावर फेरे, माणसाला 'अरे' म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. गोष्टीचा शेवट काका सांगत नाहीत, गप्प होतात. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला निदान दार तरी असतं, पण आमच्या टूलरूममध्ये जुने लेथ आणि रेडियल ड्रिल आहेत, आणि ड्रिलवर तर हातमोजेसुद्धा चालत नाहीत.

मग काढले टाय. ठेवायचे कुठं, तर स्टोअरच्या पोरानं पार्ट ठेवायचा निळा प्लास्टिकचा क्रेट आणला, त्यात ४० टाय, शिवाय अंगठ्यांसाठी एक चहाचा कप. आणि त्या पोरानं सवयीनं क्रेटला पिवळा टॅग लावला. आमच्याकडे पास झालेल्या मालाला हिरवा, रिजेक्टला लाल, आणि ज्याचा निर्णय व्हायचाय त्याला पिवळा, होल्ड. वर त्यानं मार्करनं लिहिलंसुद्धा, 'टाय, ४० नग'. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

काका माझ्याकडं वळले. "फॉर्मल ड्रेस कंपल्सरी, ही ओळ कुणी लिहिली?"

मी म्हटलं, माझ्या मेलमध्ये आहे.

"फॅक्टरी ॲक्ट वाचलाय का मॅडम? १९४८ चा. कलम २२. चालत्या मशीनची तपासणी, तेलपाणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, आणि ते कपडे मालकानं द्यायचे." कलम मला परीक्षेपुरतं माहीत होतं, एमपीएमला, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटच्या डिग्रीला असायचं ते. कपड्याचं कलम म्हणून ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे बघा, आमच्या धंद्यात कपड्यांबद्दल तेव्हाच्या त्या कायद्याचा अर्थ हाच, की लोंबतं काही नको, आणि मी चाळीस पोरांच्या गळ्यात काहीतरी लोंबतं बांधून आणलं होतं.

मुलींचं वेगळंच. दोघी पंजाबी ड्रेसमध्ये, त्यांच्या ओढण्या क्रेटशेजारी खुर्चीवर गेल्या, त्यांना एकदम उघडं उघडं वाटत होतं ते दिसत होतं, मी स्टोअरमधून दोन कोट मागवून दिले. तिसरी साडीत. साडी आत चालणारच नाही, काका म्हणाले. ती पोरगी इस्लामपूरची, मला हळूच म्हणाली, मॅडम मी जीन्स-टीशर्टवर आले होते, इथं गेटच्या टॉयलेटमध्ये साडी नेसले, सरांनी साडीच सांगितली होती. पाऊण तास लागला म्हणाली, आरसा तळहाताएवढा होता. म्हटलं बाई परत जीन्स घाल. आली घालून, सॅकमधून वर्कशॉपचा खाकी ॲप्रन पण काढला, केसांचा अंबाडा घट्ट, आणि काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघून फक्त मान हलवली. काकांची मान हलणं म्हणजे हिरवा टॅग.

मला माझा पहिला इंटरव्ह्यू आठवला, २०१० चा, रूममेटची साडी, बारा सेफ्टी पिना. काय प्रश्न विचारले ते एक आठवत नाही, पिना आठवतात.

असो. राहिला तो ब्लेझरवाला.

टाय त्यानं काढला होता, ब्लेझर काढेना. काका म्हणाले, बाबा बाही ढगळ आहे, काढ. तो नुसता उभा. प्लँट हेड सर मागून बघत होते, घड्याळ बघत होते, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ॲटिट्यूड आहे याला." मला ठाऊक आहे, हा शब्द सरांच्या तोंडातून निघाला की तो फॉर्मवर उतरतो आणि मग पोरगं काही सांगू दे. म्हणून मी त्याला फर्स्ट एड रूममध्ये नेलं.

दार लावल्यावर म्हटलं, काय रे, शर्ट फाटलाय का? मान खाली. मग म्हणाला, "मॅडम, आत हाफ हाये."

मला कळेचना. हाफ म्हणजे काय?

"हाफ शर्ट हाये. फुल एकच होता, रात्री एसटीत मागच्या मान्साचा चहा सांडला. मित्र म्हनला हाफ बघितला की बाहेरच काढतेत."

औशाकडचा पोरगा, लातूरहून रात्रभर एसटी, स्वारगेटला उतरून चाकण, आणि जूनच्या दमट हवेत ब्लेझर अंगात, कपाळावर घाम, कारण अर्ध्या बाह्या लपवायच्या होत्या. मला हसू पण आलं आणि काहीतरी दुसरं पण आलं. म्हटलं अरे वेड्या, मशीनवर हाफच लागतो, फुल असला तर वर कोपरापर्यंत गुंडाळायला लावतात. त्याचा विश्वास बसला नाही. मी काचेतून बाहेर दाखवलं, समोरच्या लाईनचे ऑपरेटर, सगळे हाफ बाह्यांचा राखाडी युनिफॉर्म घालून. त्यानं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं, मग ब्लेझर काढला. आत चौकड्यांचा शर्ट, स्वच्छ, कडक इस्त्रीचा, फक्त पाठीला घामाचा नकाशा.

तेवढ्यात ब्लेझर माझ्या हातात आला तर मी म्हटलं थांब, आणि फर्स्ट एड बॉक्समधल्या कात्रीनं मागची फुली कापली. "ते डिझाईन न्हवतं का मॅडम?" नव्हतं. मग बाहीवरच्या लेबलला कात्री लावली तर त्यानं चक्क माझा हात धरला आणि लगेच सोडला. "ते नका कापू. पप्पा म्हनले ते काढायचं नाही, कंपनीचा हाये हे कळायला पायजे." मी कात्री ठेवली. त्याच्या वडिलांनी ते लेबल बघूनच पैसे मोजले असतील ना, मी कोण ते कापणारी.

बाहेर आलो तर काका म्हणाले, "हा बघा, एवढ्या सगळ्यांत धड कपड्यात आलेला." पोराला वाटलं चेष्टा करतायत.

राउंड चांगला झाला, तो भाग पटकन सांगते. टायशिवाय पोरं मोकळी झाली, वाकून बघायला लागली, कुणी कूलंटचा वास घेतोय, कुणी चिप कन्व्हेअरकडं बोट दाखवतोय. इस्लामपूरच्या पोरीनं ड्रॉइंगवरचा प्रोजेक्शनचा सिम्बॉल बघून फर्स्ट अँगल (ड्रॉइंग काढायची एक पद्धत) आहे हे क्षणात सांगितलं. औशाच्या पोरानं व्हर्निअर बरोबर वाचला पण मायक्रोमीटरला अडखळला.

जेवताना कपड्यांवरच चर्चा. क्वालिटीच्या मॅनेजरांची बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, त्याच मार्चमध्ये शिक्षकांच्या ड्रेसकोडचा जीआर निघाला होता, जीन्स नको, टीशर्ट नको, भडक नक्षी नको, तर ते म्हणाले घरी महिनाभर दुसरा विषय नव्हता. मग कुणीतरी २०२० च्या डिसेंबरचं परिपत्रक काढलं, सरकारी ऑफिसात जीन्स-टीशर्ट बंद आणि शुक्रवारी खादी. माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे, तिच्याकडं ब्लेझर घालून कुणी आलं तर लोक विचारतात आज दुसरीकडं इंटरव्ह्यू आहे का. हे मी सांगितल्यावर सगळे हसले, सर सोडून. सर म्हणाले, बूट बघून माणूस कळतो. त्या दिवशी सगळ्यांच्याच बुटांना चाकणचा चिखल होता, सरांच्याही.

दुपारी मार्क भरायला बसलो. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'अपिअरन्स, १० गुण'. औशाच्या पोराला सरांनी दिले चार, क्वालिटीनं सात. माझं सांगायची लाज वाटते पण सांगते. इस्लामपूरच्या पोरीच्या फॉर्मवर मी पाच लिहिले होते. का, तर तिचं नाव वाचताना डोळ्यांपुढे जीन्स आली आणि हात आपोआप पाचवर गेला. तिला जीन्स घाल असं मीच सांगितलं होतं, चार तासांपूर्वी! खोडून नऊ केले, खोडाखोड केली म्हणून फॉर्मवर सही पण करावी लागली.

तो रकाना अजून आहे. काढायचा तर ग्रुपच्या हेड ऑफिसची परवानगी लागते, मी मेल टाकलाय, दोनदा. पण ड्रेसची ओळ माझ्या हातात होती ती यंदा बदलली. लिहिलं की पाय पूर्ण झाकणारे बूट, ढगळ आणि लोंबतं काही नको, टाय-ओढणी-साडी नको, केस बांधलेले, हाफ शर्ट चालेल, जीन्स चालेल. मेल जाऊन अर्धा तास झाला नसेल, एका टीपीओ सरांचा फोन. "मॅडम, मेल वाचला. म्हणजे फॉर्मलच ना?" मी म्हटलं नाही सर, लिहिलंय तसंच. "हो हो, ते कळलं. पण टाय घेऊन यायला सांगतो, बॅगेत ठेवतील."

त्या पोराचं राहिलंच. पोरगी पहिल्या यादीत लागली, तो वेटिंगवर होता, वरचे दोघं दुसरीकडं गेले तेव्हा ऑगस्टमध्ये जॉइन झाला. युनिफॉर्म मिळाला, हाफ बाह्यांचा, आणि मग चाळीस-पन्नास राखाडी शर्टांत मला तो ओळखूही यायचा नाही. दसऱ्याच्या सुमारास खंडेनवमीची पूजा असते आमच्याकडं, मशीन बंद, धुऊन पुसून झेंडूच्या माळा, आणि त्या एका दिवशी युनिफॉर्म नाही, लोक नटून येतात, ऑपरेटर मंडळी फेटे बांधून, बाया नऊवारीत, काकासुद्धा सिल्कचा कुडता घालून पिवळ्या पट्ट्याच्या आत, आता काय बंदच आहे सगळं म्हणत. हा आला ब्लेझर घालून. त्याच्या लाईनच्या सीएनसीला माळ घालायला वर हात केला तेव्हा मागची फट नीट उघडली. आणि बाही मागे सरकली तर लेबल तसंच, जरा मळलेलं. पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्यापर्यंत आला. मी एक घेतला, तो म्हणाला अजून एक घ्या मॅडम, औशाचे हायेत.