वहीत राहिलेली सहा कामं

रविवार, रात्री दहा

संध्याकाळी मिस्त्री हात पुसत पुसत म्हणाले, "साहेब, मला आता हिच्यात करायला काय घावंना. तुमालाच घावतंय." आणि गेले. सहा वर्षं बहुतेक रविवार आम्ही दोघं या शेडमध्ये जुन्या फियाटवर काढलेत, त्यांचा राग मला ओळखू येतो. आज राग नव्हता. त्यांचं काम संपलं होतं, एवढंच. मी मात्र स्टुलावर बसून वही उघडली आणि पुढचं काम शोधू लागलो. पान उलटताना त्यांचं वाक्य परत कानात आलं, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

आप्पांची फियाट. १९७० ची, अकराशे डिलाइट. त्या काळी गाडी हवी तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आप्पांनीही बघितली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, त्यावर आई-आप्पा आणि मधे मी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. पुढे हीच गाडी पद्मिनी या नावाने मुंबईभर टॅक्सी म्हणून धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरल्याची बातमी वाचली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते स्पेअरचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे ते दुकानदार आता कुणासाठी माल ठेवतील? दुसऱ्याच दिवशी जाऊन दोन किंगपिन सेट आणि एक क्लच प्लेट आणून ठेवली. अजून माळ्यावर आहेत.

वही मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. पहिल्या पानावर ४३ कामं. आज मोजली तर ११८ भरली, त्यातली ११२ खोडलेली. वाढली कशी, ते पानं चाळताना दिसतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार जमिनीला लागला. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. वेल्डिंगच्या धगीने तिथून जाणारी वायरिंग वितळली. मग सगळी वायरिंग नवीन. नव्या वायरिंगने हेडलाइट चांगले पेटायला लागले, तेव्हा कळलं की आतले रिफ्लेक्टर काळे पडलेत. एका भोकातून चार महिने गेले.

पण ते दिवस चांगले होते. त्या कामांना त्यांचा त्यांचा शेवट होता. ब्रेक लागतो किंवा लागत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडरचं बोअरिंग करून आणलं, पिस्टन, रिंगा बसवल्या, व्हॉल्व्ह घासले, आणि इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मिस्त्रींनी कान लावून ऐकलं, टॅपेट दोनदा सेट केले आणि म्हणाले, "झालं." मीही झालं म्हणालो. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं तशा जुन्या रबरी नळ्या फुगून चिकट व्हायला लागल्या, त्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. तेही झालं. यंत्र तुम्हाला अडकवून ठेवत नाही. बिघडलं तर सांगतं, बरं झालं तरी सांगतं.

यादी कुठे वळली ते आज नीट बघितलं. काम क्रमांक ७१. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "डिकीच्या झाकणाची फट, उजवीकडे एक सूत जास्त." तेव्हा मिस्त्रींनी विचारलं होतं, "कंपनीतनं आली तवा तरी सारकी हुती का?" मला माहीत नव्हतं. तरी मी बिजागऱ्या तीनदा काढायला लावल्या. त्याच्या पुढची सगळी पानं तशीच आहेत: निकेल, बीडिंग, हब कॅपवरचा ओरखडा, हॉर्नच्या रिंगची चकाकी. गाडी त्या वेळी चालत होती! पंचगंगेच्या पुलापर्यंत रात्री जाऊनही आलो होतो. पण घरच्यांना बसू दिलं नाही. म्हटलं, पूर्ण झाली की बसा.

रंगाचं लिहायला हवं. इतके दिवस टाळलं.

आप्पांनी १९८३ साली गाडीला निळा रंग दिला. गडद, शाईसारखा. माझ्या आठवणीतली गाडी निळीच आहे, शाळेच्या फाटकातून दिसायची ती. पण ग्लोव्ह बॉक्स काढला तेव्हा मागच्या पत्र्यावर कारखान्याचा मूळ करडा रंग सापडला, हाताच्या पंजाएवढा तुकडा, जसाच्या तसा. मी हरखून गेलो. तो तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात बसलो, अकरा वेळा नमुना मिसळायला लावला, आणि अख्खी गाडी करडी केली. गाडी रंगून घरी आली त्या दिवशी आई फाटकाशी आली, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे. कुणाची?"

तिचं डोकं शाबूत आहे, स्मरण माझ्याहून चांगलं आहे. इतकी वर्षं निळीच गाडी बघून तिला खरंच वाटलं की कुणीतरी पाहुणे आलेत.

दुसरी गोष्ट डॅशबोर्डची. आप्पांनी डाव्या बाजूला छोटा पंखा बसवला होता, आईसाठी. पंखा कधीच गेला, त्याच्या स्क्रूची चार भोकं राहिली होती. रंगवणाऱ्याने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून ती बुजवून टाकली. काम असं सफाईदार की बोट फिरवूनही जागा लागत नाही. त्याची चूक म्हणता येत नाही, मीच सांगितलं नव्हतं. पण सांगायचं मला सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. मी १९७० मधली, आमच्या घरी येण्याआधीची गाडी तयार करत होतो. त्या गाडीत आम्ही कुणीच कधी बसलो नव्हतो.

फियाट नावातला शेवटचा टी म्हणजे तोरिनो, इटलीतलं ट्युरिन. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच शहराच्या नावाने एक सनद केली आहे. तिच्यात म्हटलंय की गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखीच दिसली पाहिजे असं नाही. ती ज्या काळातून आली त्याच्या खुणाही तिच्या इतिहासाचा भाग असतात. ही सनद मी २०२० मध्येच वाचली होती. लॉकडाऊनमध्ये. पेन्सिलने खूण केलेली आहे. वाचून काय उपयोग झाला?

राहिलेल्या सहा कामांत एक आहे विंटेज नोंदणीचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ही सोय झाली. आपली आता बसते त्यात, मूळ रूपातही आहे, जुना नंबरही तोच राहील. मी कागद काढून ठेवलेत. पण त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. साध्या नोंदणीत दर पाच वर्षांनी पासिंग, हरित कर, आरटीओत अर्धा दिवस. पण मग भाजी आणायला नेता येते, आईला दवाखान्यात नेता येतं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की गाडी पूर्ण झाली का, हे मी गाडीकडे बघून ठरवत होतो. ती कशासाठी हवी आहे हे स्वतःला विचारलंच नव्हतं.

विंटेजचे कागद फायलीत परत ठेवले. ते काम खोडलं.

दुसरं काम, स्टिअरिंग. नवीन चाक मागवून आणलंय, खोक्यात आहे. हस्तिदंती रंगाचं, सुंदर. जुन्याला तडे गेलेत, आणि वरच्या बाजूला, घड्याळात दहा वाजतात तिथे, प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत आणि जरा पिवळट झालंय. आप्पा डावा हात तिथे ठेवायचे, अंगठी घासायची. मघाशी मी हात ठेवून बघितला. माझा हात त्यांच्यापेक्षा मोठा आहे, तरी अंगठा बरोबर त्या खाचेत जातो. नवं चाक बसवणार नाही. तेही खोडलं.

तीन कामं अशीच चकाकीची होती, खोडली. एक राहिलं: इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. घाटात त्रास नको म्हणून मिस्त्रींनीच सुचवलेलं. त्याचं काय करावं, आज ठरत नाही. झोप आली.

पुढचा रविवार, दुपार

सकाळी जेवणघरात जाऊन आईला म्हटलं, "जोतिबाला जाऊया. फियाटने."

ती काही बोलली नाही. साडी बदलून आली, पुढच्या सीटवर बसली आणि दार एकदाच ओढलं. या गाडीचं दार हळू ओढलं तर लागत नाही, ते तिच्या हाताला अजून माहीत होतं. बायको आणि लेक मागे. आईने डॅशबोर्डवर डाव्या बाजूला बोटं फिरवली, जिथे पंखा होता तिथे. मी सांगितलं, भोकं बुजवली. "असू दे," म्हणाली. "वारं येतंय की खिडकीतनं." आणि त्रिकोणी काच वळवून अंगावर घेतली.

वर गर्दी होती, गुलाल होता. परत येईपर्यंत नव्या रेक्झिनवर सगळीकडे गुलाबी झालं होतं.

पण त्याआधी, चढताना, शेवटच्या वळणाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. ऊन चांगलं होतं. बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं: पंप तापला, नळीत पेट्रोलची वाफ धरली. आंबोलीच्या घाटात दर मे महिन्यात हेच व्हायचं आणि आप्पा मला तांब्या घेऊन झऱ्यावर पिटाळायचे. मी काही बोलायच्या आत आईने पिशवीतून पंचा काढला, बाटलीतलं पाणी ओतून पिळला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. घरूनच आणला होता.

पंपाभोवती गुंडाळला. दहा मिनिटं आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, खाली उसाचा पट्टा दिसत होता. आई लेकीला सांगत होती की तुझे आजोबा या वेळेत विड्याचं एक पान जमवायचे.

मग पहिल्याच सेल्फला चालू झाली. इलेक्ट्रिक पंपाचं काम घरी आल्यावर खोडलं.