आईच्या खाटेखालच्या वाट्या

१० जुलै

पाऊस लागून राहिला की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात मुंग्या येतात. जमिनीत पाणी मुरलं की त्यांची घरं बुडतात आणि भिंतीतल्या फटी धरून त्या वर चढतात. पुण्यात गेले चार दिवस ऊन दिसलेलं नाही, त्यामुळे वाट पाहतच होते. आज सकाळी खिडकीच्या चौकटीपासून गुळाच्या डब्यापर्यंत बारीक काळी रांग लागली होती.

याची मला आता सवय झाली आहे. आधी गूळ उचलायचा आणि वाट पाहायची. खाणं घेऊन परतणारी मुंगी पोटाचं टोक टेकवत वासाची रेघ ओढत जाते. मागच्या मुंग्या त्या वासावर येतात आणि जाताना तीच रेघ गिरवतात. गूळ नाहीसा झाला की गिरवणाऱ्या कमी होतात, वास उडून जातो, तासाभरात रांग विरळ होते. उरलेल्यांना रंगाच्या जुन्या कुंचल्यानं अलगद कागदावर घेते आणि फटीच्या तोंडाशीच सोडते. पूर्वी खाली बागेत नेऊन सोडायचे. पण घरापासून लांब सोडलेली एकटी मुंगी परत पोचेलच असं नाही, हे नंतर वाचलं आणि ते बंद केलं. सगळ्या गेल्या की मगच साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवायचं. हा क्रम चुकवायचा नाही. मुंगीच्या अंगावर श्वासाची बारीक छिद्रं असतात. त्यांत साधं पाणी सहसा शिरत नाही, साबणाचं शिरतं.

दुपारी बाल्कनीतल्या कंपोस्टच्या टोपलीतही मुंग्या दिसल्या. तिथला उपाय सोपा: मिश्रण कोरडं पडलं होतं, पाणी शिंपडून हलवलं. ओल राहिली की त्या आपण होऊन निघून जातात.

१६ जुलै

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले. ती हॉलमध्ये लोखंडी खाटेवर असते. रात्री दोन वाजता तिनं हाक मारली. दिवा लावला तर चादरीवर लाल मुंग्या. पोटरीला, घोट्याला चावल्या होत्या, दोन ठिकाणी गांधी उठल्या होत्या. टाक्यांच्या पट्टीजवळही तीन-चार होत्या. तिला धड कुशीवर वळता येत नाही, खाजवायला हात पोचत नाही. "अगं, किती वेळ झटकतेय मी, पण तुला उठवावंसं वाटेना," असं म्हणाली.

चादर बदलली, तिला पुसून घेतलं. नंतर मी जे केलं ते इथे लिहून ठेवायचं आहे. समोरच्या काकूंनी मागे कधीतरी दिलेला मुंग्यांचा खडू ड्रॉवरमध्ये पडून होता. तो काढला आणि खाटेच्या चारही पायांभोवती जाड रेघा ओढल्या. विचार करत बसले नाही. आईला झोप लागावी एवढंच डोक्यात होतं.

१७ जुलै

सकाळी रेघांच्या आतबाहेर मेलेल्या मुंग्या होत्या. काही अजून हलत होत्या. खडूतलं विष नसांवर काम करतं. पाय लटलटतात, मुंगी उलटी पडते, पुन्हा सरळ होऊ पाहते. मी फरशीवर बसून बघत राहिले. थोड्या वेळानं कोपऱ्यातून इतर मुंग्या आल्या आणि मेलेल्यांना उचलून नेऊ लागल्या. नेता नेता त्यांतल्या काही रेघेवरून चालत गेल्या.

त्यांचं हे वागणं शास्त्रज्ञांनी अभ्यासलेलं आहे. एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवलं, की मेलेल्या मुंगीच्या अंगात तयार होणाऱ्या ओलेइक आम्लाचा वास आला की बाकीच्या तिला उचलून कचऱ्याच्या जागी टाकतात. हेच आम्ल जिवंत मुंगीला लावलं तर ती पाय झाडत असतानाही तिला उचलून नेतात. म्हणजे त्यात आपल्यासारखा शोक असेल असं म्हणता येत नाही. पण सकाळी उलट्या पडलेल्या मुंगीची धडपड मी पाहिली आहे. तिला थांबायचं नव्हतं, एवढं मला कळलं. हात आवरायला मला तेवढं पुरेसं आहे. तिचं दुःख माझ्यासारखं असल्याचं तिनं आधी सिद्ध करून दाखवावं, असं मी म्हणू शकत नाही.

व्हीगन होऊन मला सहा वर्षं झाली. दूध, तूप सुटलं. मध सुटला. आईनं माझ्या लग्नात घेतलेली पैठणी मी बहिणीला देऊन टाकली, कारण रेशमासाठी कोश आतल्या जिवासकट उकळतात, हे कळल्यावर ती अंगाला लागेना. आई तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती. आज मला जाणवतंय, की हे सगळं सोडण्याचं व्रत होतं. दुकानात एखादी वस्तू उचलायची नाही, ताटात एखादा पदार्थ घ्यायचा नाही, एवढं पाळलं की झालं. मुंगी तशी नाही. ती माझ्या घरात येते, माझ्या आईला चावते आणि मला काहीतरी करायला लावते.

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. त्यांच्या संस्थेची आज जी व्याख्या आहे तिच्यात प्राण्यांचं शोषण आणि छळ टाळण्याबद्दल 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असे शब्द आहेत. या शब्दांना पळवाट म्हणणारी माणसं भेटली आहेत. मला ते शब्द प्रामाणिक वाटतात. पण त्यांच्या आधारानं काल रात्रीची सुटका करून घेता येत नाही. आईला वाचवणं भागच होतं. खडूवाचून ते शक्य होतं का, हे मी पाहिलंच नाही.

संध्याकाळी शेजारून दुसरा उपाय आला: साखरेत बोरिक पावडर कालवून ठेव, मुळापासून जातील. त्याचं काम कसं चालतं ते मला ठाऊक आहे. मुंगी खाल्लेलं पोटात साठवून नेते आणि घरी गेल्यावर तोंडातून तोंडात दुसरीला भरवते. अळ्यांना भरवते, राणीला भरवते. हळू चढणारं विष तेवढ्यासाठीच वापरतात, तिनं ते सगळ्यांना वाटून टाकावं म्हणून. हे माझ्यानं कधीच होणार नाही. चिडून मारलेल्या चापटीपेक्षाही ते मला वाईट वाटतं, कारण त्यात त्यांचं एकमेकींना भरवणंच हत्यार होतं.

१८ जुलै

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, मुंग्यांचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, "चिपळूणच्या घरी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली दगडी वाट्या असायच्या, आठवतात तुला?"

आठवल्या. दुधावरची साय, लोण्याचा गोळा, लाडवांचा डबा, सगळं त्या कपाटात असायचं. चार पाय चार वाट्यांमध्ये, वाट्यांत पाणी. रोज संध्याकाळी दिवेलागणीआधी त्यांत पाणी घालायचं काम माझं असे. मुंग्या पाण्याच्या कडेपर्यंत येत आणि वळून जात. ज्या कपाटातलं बहुतेक काही मी आता खात नाही, त्याच्याच पायाशी माझा उपाय होता.

फरशीवरच्या रेघा दोनदा ओल्या फडक्यानं पुसल्या, फडकं टाकून दिलं. खाटेच्या पायांखाली पसरट वाट्या ठेवल्या. खाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतली, चादर लोंबणार नाही अशी खोचली. नाहीतर वाट्या ठेवून उपयोग नाही, मुंग्या भिंतीवरून किंवा चादरीवरून येतात. आणि खाट सरकवताना कळलं की लाल मुंग्या येत होत्या कशासाठी: आईच्या औषधानंतरच्या खडीसाखरेचा चुरा गादीच्या शिवणीत अडकला होता. त्या रात्री दोन वाजता मी गादी उचलून पाहिली असती तर दिसला असता.

एक काळजी राहते, डासांची. साठलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी होतात, म्हणून दर तीन दिवसांनी वाट्या ओतून, घासून, कोरड्या करून पुन्हा भरायच्या. डासांच्या बाबतीत माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. अळ्या होऊच द्यायच्या नाहीत, म्हणजे मारायची वेळ येत नाही.

२९ जुलै, नागपंचमी

आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून उकडीची दिंडं केली. गुळाची, तुपाऐवजी नारळाचं दूध घालून. आईनं दोन खाल्ली. लहानपणी ती सांगायची, आजच्या दिवशी शेतात नांगर घालायचा नाही, जमिनीखालच्या जिवाला लागतं. यंदा पाटावर नाग तिनं बसल्या बसल्या काढला.

बारा दिवसांत खाटेवर एकही मुंगी आलेली नाही. पाण्यात मात्र सात-आठ बुडालेल्या सापडल्या. मी त्या मोजते.

न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळची फट आज बुजवायची म्हणून व्हाइट सिमेंट आणलं होतं. वाटीत कालवायला घेतलं, तेवढ्यात आई खाटेवरून म्हणाली, "आज नको गं. सकाळपासून बघतेय मी, पांढरं पांढरं तोंडात धरून बाहेर नेतायत. बिऱ्हाड हलवतायत त्या."

वाकून पाहिलं. खरंच होतं. आपण ज्यांना अंडी म्हणतो ते त्यांचे कोश, एकेक मुंगी एकेक घेऊन उंबऱ्याच्या कडेनं पाइपाच्या भोकाकडे चालली होती.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"परवापर्यंत थांब," आई म्हणाली. सिमेंटची पुडी पुन्हा बांधून फळीवर ठेवली.