पाणी पिणाऱ्याचा प्रश्न

रविवार, रात्र

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची एक छोटी कविता परवापासून डोक्यात घोळतेय. फारसी कवी हाफीजला उद्देशून आहे, आणि शीर्षकातच म्हटलंय की हा एका पाणी पिणाऱ्याचा प्रश्न. तू बांधलेलं मद्यालय कुठल्याही घरापेक्षा मोठं, सगळ्या झिंगलेल्यांची झिंग तूच. मग तुला दारू कशाला हवी? नीत्शेला दारू सोसत नसे, आपल्याला पाणी पुरतं असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्यामुळे हा प्रश्न खवचट वाटत नाही, खरोखर पडलेला वाटतो.

चौदाव्या शतकातला शिराझचा हाफीज जर्मनांना अख्खा भेटला तो प्राच्यविद्यापंडित हामरच्या भाषांतरातून. जर्मन कवी गटेने ते १८१४ मध्ये वाचलं, १८१९ मध्ये स्वतःचा 'दिवान', म्हणजे काव्यसंग्रह, काढला. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला जास्त गंमत वाटते जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची. आपल्या तत्त्वज्ञानाच्या 'विश्वकोशा'च्या शेवटच्या पानांत, सर्वेश्वरवादाच्या (सगळं जगच ईश्वर, या मताच्या) आरोपाचा समाचार घेताना, तो फारसी सूफी कवी रूमीच्या ओळी देतो, कवी रुकर्टच्या जर्मन रूपांतरातल्या. कौतुक मनापासूनचं आहे. पण रूमी तिथे साक्षीदार म्हणून उभा. साक्ष झाली की पिंजऱ्यातून खाली उतरायचं, युक्तिवाद पुढे चालू.

हाफीजला असं कामाला लावणं अवघड. शेर सुटे. एकात साकीला, म्हणजे मद्य देणाऱ्याला, हाक, दुसऱ्यात ढोंगी शेखाला, म्हणजे धर्मगुरूला, चिमटा, तिसऱ्यात ज्याच्यासाठी जीव तुटतो तो माणूस की ईश्वर, हे ठरवायची त्याला घाईच नाही. हस्तलिखितांत शेरांचा क्रमही वेगवेगळा सापडतो, तरी गझल उभी राहते. (हेगेलचे परिच्छेद असे पुढेमागे करून बघा!) नीत्शेही सुट्या सूत्रांतच रमणारा, म्हणून तो हाफीजला वापरत नाही, विचारतो.

उर्दू-फारसी कवी इक्बाल तर म्युनिकचे डॉक्टरेट. गटेला उत्तर म्हणून १९२३ मध्ये आलेल्या त्यांच्या फारसी संग्रहात एक कविता आहे: रात्री हेगेल वाचता वाचता डोळा लागतो, रूमी येतो आणि झापतो, दिवा घेऊन सूर्य शोधतोयस! टोला झकास, पण मला तो पूर्ण पटत नाही. हेगेल चुकला असं वाटलं तर नेमका कुठे, हे बोट ठेवून दाखवता येतं. रूमीशी मला कधी भांडताच आलेलं नाही, आणि अशा माणसाच्या घरी मी फार दिवस राहू शकेन असं वाटत नाही.