२८ हजारांची पावती

पुण्यात धायरीच्या आमच्या रो-हाऊसच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०२३च्या मे महिन्यात करून घेतलं. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), ६८ हजार रुपये, लेटरहेडवर ५ वर्षांची गॅरंटी. जुलैत देवघरावर ओल आली, ऑगस्टात पोपडे पडायला लागले आणि गणपतीत आरती चालू असताना मागच्या खोलीत बादली ठेवलेली. कंत्राटदार फोनवर म्हणायचा, "काकू, पाऊस उघडू दे, माणूस पाठवतो." पाऊस उघडला. मग फोन उचलेना.

भाची कॅलिफोर्नियात असते. ती म्हणाली, "मावशी, इकडे असल्या भांडणांना स्मॉल क्लेम्स कोर्ट असतं. साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा, आणि सुनावणीत बाजू मांडायला वकील चालतच नाही." मला हे फार आवडलं. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तिथेही वकील लागत नाही. पण समोरच्याने आणला तर अडवता येत नाही, हा फरक मला नंतर चांगलाच कळला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची. ओळखीच्या वकिलांनी १५ हजार सांगितले होते. ते ऐकून मी चहा पिऊन परत आले.

मी ३१ वर्षं पोस्टात काढली. त्यामुळे नोटीस रजिस्टर ए.डी.नेच गेली आणि पोचपावतीवर कंत्राटदाराची स्वतःची सही आली. (२०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यावर मी वेगळी पोस्ट लिहीन. 'पोस्ट' हा शब्दसुद्धा आता आमचा राहिला नाही.)

तक्रारीचा पहिला मसुदा ११ पानांचा झाला. त्यात विश्वासघात होता, देवघर होतं, आमच्या सासूबाईंनी केवढ्या कष्टाने घर उभं केलं तेही होतं. यजमानांनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "पैसे कधी दिलेस, ते कुठाय?" ते सातव्या पानावर होतं. मग काउंटरवरचं रजिस्टर लिहावं तसं सगळं नव्याने लिहिलं: तारीख, काय झालं, त्याचा कागद कोणता. पावणेतीन पानं. सासूबाई गाळल्या. धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं स्कॅन करून ई-दाखिलवर, म्हणजे ग्राहक तक्रारींच्या सरकारी साइटवर, चढवून दिलं. फेब्रुवारी २०२४.

आयोगात मला 'तक्रारदार' म्हणतात आणि त्याला 'जाबदेणार'. मला हा शब्द इतका पटला की घरीही आम्ही त्याला तसंच म्हणू लागलो. जाबदेणाऱ्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस मिळतात, वर फार तर १५. मी कालनिर्णयवर मोजत होते. ४४व्या दिवशी त्याच्या वकिलांनी दाखल केलं: सोलरवाल्यांनी गच्चीला भोकं पाडली, म्हणून गळती. सोलर आम्ही २०१९मध्ये बसवला होता आणि त्याचं बिल माझ्या फाइलमध्ये होतं. त्या दिवशी घरी येताना मी चितळ्यांची बाकरवडी घेतली.

जाबदेणाऱ्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल लावावा, असं कायदा म्हणतो. माझ्या तारखा दीड वर्ष चालल्या. त्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बाकावर बसायचं, पुकारा ऐकायचा, पुढची तारीख वहीत लिहायची.

युक्तिवादाच्या दिवशी मात्र त्याचे वकील उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "काम ४० हजारांचंच होतं. बाकीच्या २८ हजारांचा एकही कागद दाखल नाही." सदस्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पावती आहे का?"

४० हजारांचा चेक होता. २८ हजार मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजून हातात दिले होते. चहाही दिला होता. गॅरंटीच्या लेटरहेडवर रक्कमच नाही, हेही मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिलं. ३१ वर्षांत सही घेतल्याशिवाय मी कुणाच्या हातात मनीऑर्डरचे ५० रुपये ठेवले नाहीत. ओळखीच्या म्हाताऱ्या बायकांना अंगठा उठवायला लावलाय. आणि इथे मी म्हणाले, "नाही."

निकाल सप्टेंबर २०२५मध्ये लागला. सेवेत त्रुटी सिद्ध. ४० हजार ६ टक्के व्याजासह, मानसिक त्रासापोटी ५ हजार, खर्चापोटी ३ हजार. त्रासाचे मी १ लाख मागितले होते, त्याचं सोडा. २८ हजारांबद्दल एकच वाक्य: पुराव्याअभावी मान्य करता येत नाही. मला ते वाक्य लागलं, पण खोडून काढता येईना. मीही तेच लिहिलं असतं.

राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि जाबदेणाऱ्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ४३व्या दिवशी त्याच्या वकिलांनी डिमांड ड्राफ्ट पाठवला. स्पीड पोस्टने.

गच्ची अजून गळतेच आहे. परवा नवीन कंत्राटदार बघून गेला. वही काढून मी बिलाचं विचारलं, तर म्हणाला, "काकू, पक्कं बिल घेतलंत तर वर १८ टक्के जीएसटी लागेल. कशाला उगाच? निम्मे रोख द्या."

मी म्हटलं, "लाव जीएसटी. आणि इथे सही कर."