कडू लागलेला दुधी

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पुण्यातल्या तळजाई टेकडीवरून फिरून आले, पेलाभर दुधीचा रस प्यायले आणि थोड्याच वेळात उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन आमच्या आपत्कालीन विभागात आले. रक्तदाब 70/40 होता आणि उलटीत ताजे रक्त होते. आधीच्या दवाखान्याने चिठ्ठीवर केवळ ‘अन्नविषबाधा’ लिहिले होते. सकाळी नेमके काय पोटात गेले, हे तिथे कोणी विचारले नव्हते, याची मला अजूनही चीड येते.

मी रसाची चव विचारली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “कडू होता, पण औषध कडूच असतं ना? आणि दुधी आमच्या गच्चीवरचा आहे मॅडम, एक थेंब रसायन घातलेलं नाही.”

रसायन वेलीनेच तयार केले होते. काकडी-भोपळ्याच्या कुळातील रानटी वेली किडे आणि जनावरे यांना दूर ठेवण्यासाठी क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये साठवतात. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचे बी राखून हा कडूपणा जवळजवळ घालवला. तरी रानटी किंवा कडू वेलीचा पराग लागलेल्या फळातील बी रुजले, की तो परत येऊ शकतो. शिजवूनही तो जात नाही, पण कडू भाजीचा दुसरा घास सहसा कोणी घेत नाही. रस मात्र एका दमात पोटात जातो, आणि इथे तर त्यात पुदिना आणि लिंबूही होते.

वनस्पतींची अशी अस्त्रे आपण रोज चवीने खातो. मिरचीतील कॅप्सायसिन बी चावून चिरडणाऱ्या सस्तन प्राण्यांना पोळते, तर बी अखंड टाकून दूरवर पसरवणाऱ्या पक्ष्यांना ते जाणवतही नाही. लसणातील अ‍ॅलिसिन तर पाकळी चावली किंवा ठेचली, तरच तयार होते. किड्याला मारणारी कॅफीनची मात्रा आपल्या देहाला अल्प ठरते आणि उरलेली आपले यकृत निकालात काढते, म्हणून कॉफी आपल्याला केवळ तरतरी देते. कारल्याचा कडूपणाही दुधीतील विषाच्याच रासायनिक घराण्यातला आहे. कारल्यापाशी निभावणारी ‘कडू ते गुणकारी’ ही श्रद्धा दुधीपाशी जिवावर बेतते. या गृहस्थांच्या जिभेने इशारा चोख दिला होता आणि त्यांनी तो पथ्य समजून गिळला, हे माझ्या मनातून जात नाही.

या विषावर उतारा नाही. सलाइन, रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि आम्ल कमी करणारी इंजेक्शने यांवरच आम्ही त्यांना सावरले. दुर्बिणीतून जठराचे अस्तर लालभडक आणि जागोजागी सोललेले दिसत होते.

रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असल्यास फेकावा आणि हा रस इतर रसांत मिसळू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्ट सांगितले आहे. फिरायला जाणाऱ्या मंडळींपर्यंत हे पोहोचवण्याची तसदी आपल्या यंत्रणेने घेतलेली मला दिसत नाही.

घरी जाताना त्यांनी कारले चालेल का, असे विचारले. पोट पूर्ण बरे झाल्यावर चालेल, असे मी सांगितले. मात्र ती वेल उपटावी आणि तिचे एकही बी राखू नये, हे कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले.