रसाळगड ते सुमारगड: वाट सध्या कशी आहे

आज रत्नागिरीकडच्या खेड तालुक्यातल्या रसाळगडावरून सुमारगडाकडे जाणारी डोंगरधार केली. पाय ठणकताहेत, पण पाऊस थांबलाय आणि बरेच जण इकडे निघतील, म्हणून लगेच लिहितोय.

रसाळगडापर्यंत प्रश्नच नाही. झोलाई-वाघजाईच्या देवळाशी पडलेल्या तोफा निवांत बघा. खरी कसोटी पुढे. धारेवर गवत कमरेच्या वर गेलंय, खालची वाट दिसतच नाही. त्यात ढोरवाटा इतक्या फुटतात की चुकायला क्षण लागत नाही. आडव्या वाटेवर तर कातळावर सुटा मुरूम पसरलाय. बूट टेकला की खडे घरंगळतात आणि बराच वेळ दरीत आवाज येत राहतो. तिथे वाट दाखवायला सोबत घेतलेले वाडीतले मामा सारखे सांगत होते, "दादा, गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. कारवीच्या झुडपाला धरा." अगदी खरं. त्या एका वाक्यावर आम्ही सगळे सुखरूप पार झालो.

सुमारगडाच्या माथ्याखालचा कातळटप्पा या तीन गडांत (तिसरा महिपतगड) सगळ्यात अवघड. दृष्टीभय आहे, म्हणजे खाली दरी बघून भीती वाटते; दोर हवाच. कातळ ओला असेल तर खालूनच नमस्कार करा, त्यात कसलाही कमीपणा नाही.

वाडीतला माणूस सोबत घ्याच, आणि मोबदल्यात घासाघीस करू नका. मधल्या रानात पाण्याच्या भरवशावर राहू नका, पुरेसं पाणी पाठीवर असू द्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.