तोकिमेकी मेमोरियल, तिसरी खेप: दुसऱ्या वर्षाची अखेर

‘तोकिमेकी मेमोरियल’ हा शाळकरी प्रेमाचा जपानी व्हिडिओ खेळ मी खेळते आहे. मागच्या नोंदीत, त्यातली नायिका शिओरी शाळा सुटल्यावर माझ्यासोबत चालत घरी यायला तयार झाली, असे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. तो उत्साह आज परत घ्यावा लागत आहे. खेळातल्या दुसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी सुरू आहे, मी खेळाचा हिशेब ठेवते त्या वहीत नायकाच्या गुणांचे मानव्यविद्या 118, विज्ञान 104, क्रीडा 97 आणि चिकाटी 101 असे बऱ्यापैकी आकडे मांडलेले आहेत, आणि तरीही परवा फाटकापाशी तिला हाक मारल्यावर तिने ते जुनेच वाक्य ऐकवले, की सोबत घरी गेलो तर मैत्रिणी चर्चा करतील आणि मला लाज वाटेल. जपानमध्ये हे वाक्य इतके प्रसिद्ध आहे की ज्यांनी खेळ कधी उघडलेला नाही त्यांनाही ते ठाऊक असते. जपानीच्या परीक्षेची तयारी करताना नकाराचे हे सौम्य रूप मला पुस्तकातून नीट कळले नव्हते. इथे एका फटक्यात कळले.

काय बिघडले ते सविस्तर लिहिते, कारण या खेळाचे सगळे मर्म त्या बिघाडात आहे. फुजिसाकी शिओरी ही नायकाची बालमैत्रीण, शेजारच्याच घरात राहणारी आणि सगळ्याच विषयांत पुढे असलेली. तिचे मन जिंकायचे तर एखाद्या गुणात चमकून भागत नाही. जवळजवळ प्रत्येक आकडा शंभरापर्यंत किंवा त्यापलीकडे न्यावा लागतो. पण आकडा वाढला की त्या गुणाकडे ओढली जाणारी दुसरी मुलगी आपोआप ओळख करून घ्यायला येते. मानव्यविद्या वाढवली तेव्हा चष्मेवाली किसारागी मिओ आली, विज्ञानाने हिमोओ युइना आली, कलेने कातागिरी आयाको, रूपाने कागामी मिरा, आणि चिकाटी वाढवल्यावर फुटबॉल संघाची व्यवस्थापिका निजिनो साकी. यांतल्या एकीलाही मी बोलावले नव्हते. शिओरीसाठी केलेल्या मेहनतीचा तो जोडधंदा होता. एकदा ओळख झालेली मुलगी दुर्लक्षित राहिली की तिची नाराजी आतल्या आत साठत जाते, मग मित्र साओतोमे योशिओ पुरवतो त्या माहितीच्या यादीत तिच्या चेहऱ्याशेजारी बॉम्बचे चित्र दिसू लागते, आणि तो फुटला की एकट्या तिच्याच नव्हे तर सगळ्याच मुलींच्या मनातले आपले स्थान घसरते.

माझ्याकडे साकीचा बॉम्ब फुटला. डिसेंबरपासून मी लागोपाठ सगळे रविवार अभ्यासात आणि शिओरीच्या भेटींत घातले, योशिओला फोन करायचा कंटाळा केला, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर तो छोटासा स्फोट पाहिला. साकीची काहीच चूक नव्हती, हे विशेष टोचले. वहीत तिच्या नावापुढे शेवटच्या भेटीची तारीख सप्टेंबरची होती.

नव्याने आलेल्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात देते. कोनामीचा हा खेळ 27 मे 1994 रोजी पीसी इंजिन या खेळयंत्राच्या सुपर सीडी-रॉमवर आला, म्हणजे त्या यंत्राच्या उतरत्या काळात. तोंडी प्रसिद्धीने तो वाढला आणि 13 ऑक्टोबर 1995 रोजी प्लेस्टेशनवर ‘फॉरएव्हर विथ यू’ या नावाने पुन्हा आला, तीच आवृत्ती मी खेळते. पुढे सुपर फॅमिकॉम, सेगा सॅटर्न, गेम बॉय असा त्याचा प्रवास झाला. पटकथेच्या कामात कोजी इगाराशी होते, ज्यांना आपल्यापैकी बहुतेक जण ‘कॅसलव्हेनिया’ या खेळमालिकेमुळे ओळखतात. त्याआधी 1992 मध्ये एल्फ कंपनीचा ‘दोक्युसेइ’ हा प्रेमकथेचा खेळ आला होता, पण तो प्रौढांसाठीचा होता, आणि त्यात गावभर फिरून योग्य वेळी योग्य जागी पोहोचण्यावर भर होता. इथे फिरणे नाही. आठवडाभरासाठी एक काम निवडायचे, बाहुलीएवढा नायक ते करताना पाहायचा, नऊ आकड्यांपैकी काही वर जातात, काही खाली येतात, आणि अशी तीन वर्षे संपली की शाळेच्या शेवटच्या दिवशी दंतकथेतल्या झाडाखाली कोणी येते की नाही ते पाहायचे. मुलीने त्या झाडाखाली प्रेम व्यक्त केले तर ती जोडी कायम सुखी राहते, अशी किरामेकी शाळेतली श्रद्धा आहे.

जानेवारीतल्या अपघातानंतर चार दिवस खेळ बंद ठेवून मी रूपांतरांकडे वळले. खेळ-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांच्या चमूने याच पात्रांवर केलेल्या ‘ड्रामा सिरीज’ या खेळमालिकेतला पहिला भाग, 1997 चा ‘निजिइरो नो सेइशुन’, नेमका साकीचाच आहे, हा योगायोग मला जरा बोचराच वाटला. त्यात नायक फुटबॉल संघातला राखीव खेळाडू आहे, गोष्ट आधीच ठरलेली आहे, आणि अधूनमधून फुटबॉलचे छोटे खेळ येतात. दुसऱ्या भागात आयाको आणि महोत्सवातला बँड आहे, तर 1999 च्या तिसऱ्या भागात शिओरी आणि मॅरेथॉन. तिन्ही भाग देखणे आहेत आणि साकीचा मला मनापासून आवडला. पण त्यात दुसरी मुलगी कोपऱ्यात वाट पाहत नसते; एका मुलीवर सगळा वेळ खर्च करायला नायक मोकळा असतो. 1997 चा चित्रपट, ज्यातून फुकिइशी काझुए शिओरीच्या भूमिकेत पहिल्यांदा पडद्यावर आली, आणि 1999 ची दोन भागांची ॲनिमे यांबद्दलही माझी तक्रार तीच आहे. रूपांतरकारांनी झाड उचलले आणि वेळापत्रक मागे ठेवले. (2006 ची ‘ओन्ली लव्ह’ ही दूरचित्रवाणी मालिका मी यात धरत नाही, ती ऑनलाइन खेळावरून बेतलेली आहे आणि तिची मुलेमुलीही वेगळी आहेत.)

हे आकडे म्हणजेच गोष्ट, हे माझे एकटीचे खूळ नाही. जवळजवळ सगळे गुण सुरुवातीपासूनच कमाल पातळीला नेऊन ठेवणारे मेमरी कार्ड (खेळाची प्रगती साठवायचे कार्ड) जपानमध्ये विकले जात होते, आणि त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 13 फेब्रुवारी 2001 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की नायकाचे व्यक्तिमत्त्व या आकड्यांतून साकार होते, म्हणून कार्डामुळे ते व्यक्तिमत्त्व बदलते आणि कथा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते. हा निर्मात्याच्या कृतीची अखंडता जपण्याच्या हक्काचा भंग आहे. चिकाटीचा आकडा 40 वरून 101 वर नेण्यासाठी मी जे आठवडे घालवले, तेच माझ्या नायकाचे चरित्र आहे, असे निकालाच्या भाषेत वाचून मला वहीबद्दल थोडा आदर वाटू लागला.

तिसऱ्या वर्षाची आखणी अशी आहे. कला अजून 71 वर अडकली आहे, आणि ती वाढवली की चित्रकलेचा आठवडा तब्येत खातो, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक आठवडा विश्रांतीला दिला आहे. योशिओला महिन्यातून दोनदा फोन, न चुकता. रूप आता मुद्दाम वाढवणार नाही, कारण मिराची नाराजी सांभाळायला रविवार शिल्लक नाहीत. साकी, मिओ आणि आयाको यांना आळीपाळीने भेटायचे, आणि उरलेले रविवार शिओरीचे. कागदावर हे वर्षभर पुरते, पण त्यात कुणाचा एकही वाढदिवस विसरण्याची चूक बसत नाही.

काल रात्री पहिला फोन साकीला केला. ती यायला तयार झाली. रविवारी वनस्पती उद्यान.